माळरानावरचे शिकारी पक्षी : निरीक्षण आणि छायाचित्रण

पुणे जिल्ह्यातील इंदापूर, बारामती व पुरंदर या तालुक्यांतील आणि लगतच्या सोलापूर जिल्ह्यातील माळराने पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. प्रथमदर्शनी ती ओसाड वाटत असली, तरी महाराष्ट्रात शिकारी पक्ष्यांचे निरीक्षण व छायाचित्रण शिकण्यासाठी त्यांच्याइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. जंगलात पर्णसंभार दृष्टी अडवतो आणि पक्षी दिसतो तो क्षणभरच. कडबनवाडी, सासवड किंवा नान्नजच्या माळावर मात्र नजर क्षितिजापर्यंत पोहोचत असल्याने एखादा पक्षी दूरवर दिसू लागल्यापासून त्याची शिकार साधेपर्यंत किंवा हुकेपर्यंत त्याचे वर्तन सलग पाहता येते. हे वर्तन वाचता येणे हीच या छंदातील खरी विद्या असून कॅमेरा हे तिचे एक साधन आहे. हा क्रम उलटला की नुकसान पक्ष्याचे होते आणि छायाचित्राचेही.

शिकारी पक्षी या संज्ञेत घारी, गरुड, ससाणे, शिक्रा, गिधाडे आणि रात्री हिंडणारी घुबडे या सर्वांचा समावेश केला जातो. बाकदार चोच, तीक्ष्ण दृष्टी आणि, गिधाडांचा अपवाद वगळता, भक्ष्य घट्ट पकडणाऱ्या नख्या ही त्यांची समान लक्षणे होत. परंतु ती एकाच वंशातून आलेली नाहीत. जनुकीय अभ्यासातून असे दिसून आले आहे की ससाण्यांचे नाते गरुड व घारींपेक्षा पोपटांशी अधिक जवळचे आहे, आणि त्यांच्यातील साम्य समान जीवनपद्धतीमुळे स्वतंत्रपणे घडलेले आहे. शिकारीच्या रीतीतही हा भेद उतरलेला दिसतो, कारण गरुड किंवा शिक्रा भक्ष्य नख्यांनी ठार करतो, तर ससाणा ते नख्यांत धरून चोचीच्या कडेला असलेल्या दातासारख्या खाचेने त्याची मान तोडतो. उडणाऱ्या पक्ष्याकडे खालून पाहताना ससाण्याचे पंख लांब व टोकदार, तर गरुडाचे रुंद आणि टोकाला बोटांसारखी पिसे फाकलेले दिसतात. नवशिक्या निरीक्षकाने रंगाच्या मागे लागण्यापूर्वी ही आकृती मनात ठसवून घेणे हिताचे ठरते. बहुतेक जातींत मादी नरापेक्षा मोठी असते, त्यामुळे केवळ आकारावरून जात ठरवण्याचा मोह टाळावा लागतो.

या पक्ष्यांच्या दृष्टीविषयी बरीच अतिशयोक्ती प्रचलित आहे. गरुडाला माणसाच्या आठपट स्पष्ट दिसते असे विधान वारंवार केले जाते, पण प्रत्यक्ष मोजमापांवरून मोठ्या गरुडांची दृष्टी माणसाच्या सुमारे दोन ते अडीचपट तीक्ष्ण असल्याचे आढळते, आणि तेवढीही निरीक्षकाला त्याची मर्यादा दाखवून देण्यास पुरेशी आहे. निरीक्षकाला पक्षी दिसण्यापूर्वी पक्ष्याने त्याला बहुधा पाहिलेलेच असते. म्हणून उघड्या माळावर वाकत, सरपटत जवळ जाण्याचे प्रयत्न बहुतेक वेळा फसतात, कारण दबा धरून पुढे येणारी आकृती पक्ष्याला धोक्याची वाटते. याउलट नेहमीच्या वाटेवर थांबलेल्या वाहनाला आणि त्यात शांत बसलेल्या माणसांना तो पुष्कळ अंशी सहन करतो.

हिवाळी माळरानाचे खरे आकर्षण म्हणजे भोवत्या, ज्याला पक्षीनिरीक्षक बोलताना सर्रास हॅरियर म्हणतात. रशिया, कझाकस्तान आणि मध्य आशियातील गवताळ मैदानांत वीण आटोपून हे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भारतात उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. दख्खनच्या माळांवर प्रामुख्याने मोंटेग्यूचा हॅरियर आणि पांढुरका हॅरियर या दोन जाती दिसतात, तर उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणसारख्या ठिकाणी, दलदली हॅरियर आढळतो. पंख किंचित वर उचलून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात धरलेले, जमिनीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीवरून संथ गतीने चाललेले, मध्येच तोल बदलून मागे वळणारे आणि गवतात एकाएकी पाय सोडून उतरणारे हे उड्डाण एकदा ओळखीचे झाले की दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याशी त्याची गल्लत होत नाही. हॅरियरचा चेहरा घुबडासारखा काहीसा चपटा असून त्याभोवतीचे पिसांचे कडे ध्वनी कानांकडे वळवते, त्यामुळे गवताखाली न दिसणाऱ्या उंदराची खसखसही त्याला हेरता येते. इतक्या कमी उंचीवरून आणि इतक्या संथपणे उडण्यामागे हेही एक कारण आहे.

दोन्ही जातींतील प्रौढ नर राखाडी असतात आणि दुरून सारखेच भासतात. मोंटेग्यूच्या नराच्या पंखावर वरच्या बाजूने एक काळी आडवी रेघ असते व पोटावर तांबूस रेघोट्या असतात, तर पांढुरक्या नराचे पोट स्वच्छ फिकट असून पंखाच्या टोकाला काळ्या रंगाची एक अरुंद पाचर तेवढी दिसते. माद्या आणि अल्पवयीन पक्षी तपकिरी असतात व त्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो, पण त्यांतील भेद सूक्ष्म आहे: पांढुरक्या जातीत कानामागच्या गडद डागाला लागून मानेभोवती फिकट कंठा दिसतो, जो मोंटेग्यूमध्ये नसतो किंवा अस्पष्ट असतो. हा कंठा उडत्या पक्ष्यावर दुर्बिणीतून टिपणे अनुभवी डोळ्यालाही अवघड जाते, आणि येथेच छायाचित्राचे मोल कळते, कारण मान व पंख स्पष्ट दाखवणारे एक साधे, कलादृष्ट्या सामान्य चित्रसुद्धा जातीची खात्रीलायक नोंद ठरू शकते. अशा नोंदीचे महत्त्व कमी लेखता येत नाही, कारण आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत पांढुरका हॅरियर संकटसमीप गणला जातो आणि त्याच माळावर दिसणारा गवताळ गरुड तर संकटग्रस्त ठरलेला आहे.

दिवसाचा क्रम सूर्य ठरवतो. पहाटेच्या थंडीत हवा स्थिर असताना हॅरियर, कापशी घार आणि खरुची हे तुलनेने हलके पक्षी शिकारीला निघतात. कापशी आणि खरुची तर पंख फडफडवत हवेत एका जागी स्थिरावतात, आणि त्या वेळी शरीर हेलकावत असले तरी डोके जणू अवकाशात खिळल्यासारखे निश्चल राहते. जड शरीराचे गरुड मात्र खडकावर किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसून राहतात आणि जमीन तापून उष्ण हवेचे स्तंभ वर चढू लागले की त्यांच्या आधारे, पंख न हलवता, घिरट्या घेत उंच जातात. म्हणून बसलेला गरुड पाहायचा तर सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास उत्तम. त्यानंतर जमिनीलगतची तापलेली हवा थरथरू लागते आणि दूरची प्रतिमा वितळल्यासारखी होते. हा दोष लेन्सचा नसल्यामुळे कितीही महागड्या साधनाने तो दूर होत नाही, आणि अशा वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून दुर्बीण हाती घेणे शहाणपणाचे ठरते.

निरीक्षणासाठी ८×४२ ही दुर्बीण सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते, ज्यात पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवतो. छायाचित्रणासाठी ४०० ते ६०० मिलिमीटर फोकल लांबीची, म्हणजे दूरचे दृश्य जवळ आणणारी, लेन्स लागते. उडत्या पक्ष्यासाठी शटरची गती, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा काळ, सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास ठेवावी लागते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर कॅमेरा उजेडाचा अंदाज चुकवतो आणि पक्षी काळवंडतो, म्हणून उजेडाची मात्रा हाताने वाढवावी लागते. परंतु गवतावरून कमी उंचीवर उडणाऱ्या हॅरियरच्या बाबतीत वाळलेले पिवळे गवत स्वतःच प्रकाश वर परावर्तित करून त्याच्या पंखांची आतील बाजू उजळते, आणि माळरानावरील चित्रांना जी ऊब येते ती या परावर्तनातून येते.

तांत्रिक तपशिलांपेक्षा जागेची निवड अधिक निर्णायक असते. पक्षी बहुधा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतो, उतरतो आणि उड्डाण करतो, कारण त्याला त्यामुळे कमी वेगातही उचल मिळते. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यातील सकाळचा वारा पुष्कळदा पूर्व किंवा ईशान्येकडून वाहतो, आणि सूर्यही त्याच बाजूला असतो. म्हणून ज्याने सूर्य व वारा दोन्ही पाठीशी घेऊन जागा धरली, त्याच्याकडे हॅरियर समोरून, उजळलेल्या चेहऱ्याने येतो. वाहनाने पक्ष्याचा पाठलाग करणाऱ्याला मात्र दूर जाणाऱ्या शेपटीचीच चित्रे मिळतात.

किती जवळ जावे, याचे उत्तर मीटरमध्ये देता येत नाही. ते पक्ष्याच्या देहबोलीत शोधावे लागते. निश्चिंत पक्ष्याची पिसे सैल असतात, तो एका पायावर उभा राहतो, पिसे साफ करतो, चहूकडे पाहतो. अस्वस्थ होताच त्याची पिसे अंगाला चिकटतात, मान ताठ होते, नजर माणसावर खिळते, शरीर पुढे झुकते आणि पुष्कळदा उडण्याच्या क्षणभर आधी तो विष्ठा टाकतो. नजर खिळली की थांबावे आणि पक्षी पुन्हा पिसे साफ करू लागेपर्यंत पुढे सरकू नये, एवढा साधा नियम पाळला तरी बहुतेक हानी टळते. शेकडो-हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या आणि परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला एका सकाळी वारंवार उडवणे म्हणजे त्याची कमाई हिसकावून घेणे होय.

काही गोष्टी मात्र तडजोडीच्या पलीकडे आहेत. जिवंत उंदीर किंवा कोंबडीचे पिल्लू आमिष म्हणून सोडून झडपेचे चित्र मिळवण्याची प्रथा निंद्यच मानली पाहिजे, कारण त्यातून पक्ष्याला माणसाजवळ येण्याची घातक सवय लागते आणि चित्र वर्तनाची नोंद म्हणूनही निरुपयोगी ठरते. घरट्यावरील छायाचित्रण त्याहून गंभीर आहे. तिसा या लहान शिकारी पक्ष्याची वीण फेब्रुवारी ते मे या महिन्यांत होते, म्हणजे जेव्हा माळावरचे ऊन सर्वांत प्रखर असते. अशा वेळी मादी छायाचित्रकाराच्या भीतीने थोडा वेळ जरी घरट्यापासून दूर राहिली, तरी उघडी पडलेली अंडी किंवा कोवळी पिले उन्हाने दगावू शकतात, आणि अडथळा दूर करण्यासाठी छाटलेली एखादी फांदी त्यांची सावली कायमची हिरावते. याबाबत कायदाही स्पष्ट आहे: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दाची जी व्याख्या दिलेली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे याचाही अंतर्भाव होतो. बंदूक हाती न धरताही माणूस कायद्याच्या दृष्टीने शिकारी ठरू शकतो, हे प्रत्येक छायाचित्रकाराने जाणून घेतले पाहिजे.

हॅरियरच्या बाबतीत घरट्याइतकीच नाजूक जागा म्हणजे त्यांचा रात्रीचा निवारा. हे पक्षी झाडावर न झोपता उंच गवतात जमिनीवर, आणि तेही समूहाने, रात्र काढतात. दिवसभर मैलोन्‌मैल विखुरलेले पक्षी सूर्यास्तापूर्वी एका ठरावीक गवताळ पट्ट्यावर जमू लागतात, घिरट्या घेतात आणि अंधारता अंधारता खाली उतरतात. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातील वेळावदर येथे १९९० च्या दशकात अशा निवाऱ्यात हजाराहून अधिक हॅरियर मोजले गेले. तेथे त्यांनी न पचलेले अवशेष गोळ्यांच्या रूपात ओकून टाकलेले असतात, आणि ब्रिटिश अभ्यासक रॉजर क्लार्क व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी या गोळ्यांचे पृथक्करण केले असता त्यांत नाकतोडे व टोळ यांचे अवशेष मोठ्या प्रमाणात आढळले. ज्या पक्ष्याकडे पाहून शेतकऱ्याला कोंबडीच्या पिलांची काळजी वाटते, तो पक्षी वस्तुतः त्याच्या पिकावरील कीटक खाऊन जगत असतो.

हे सारे टिकून राहते ते गवतामुळे, आणि गवताकडे पाहण्याची प्रशासनाची व समाजाची दृष्टी अजूनही सदोष आहे. महसुली दप्तरात आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात माळरानांचा मोठा भाग पडीक म्हणून नोंदला गेला, आणि पडीक म्हटलेल्या जमिनीवर झाडे लावणे हे आपोआपच पुण्यकर्म ठरले. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांच्या जागी ग्लिरिसिडिया व सुबाभूळ यांच्या रांगा उभ्या राहिल्या की चंडोल व लावे जातात, चिंकारा जातो, लांडगा व खोकड यांचे क्षेत्र आक्रसते आणि जमिनीवर झोपणाऱ्या हॅरियरला उतरायला जागाच उरत नाही. वनविभागाने कडबनवाडी व शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू करून या भूमीला स्वतंत्र अधिवास म्हणून मान्यता देण्याच्या दिशेने पाऊल टाकले, हे स्वागतार्हच आहे. परंतु सफारीच्या वाहनाने ठरलेली वाट सोडली, तर तेच पाऊल उलट पडण्याचा धोका आहे.

माळरानावर जाणाऱ्या प्रत्येकाने तारीख, वेळ, जात आणि पक्ष्यांची संख्या यांची नोंद ठेवावी, छायाचित्र धूसर असले तरी ते जपून ठेवावे, आणि हॅरियरचा निवारा किंवा एखाद्या गरुडाचे घरटे सापडल्यास त्याचे ठिकाण समाजमाध्यमांवर न टाकता केवळ स्थानिक वनाधिकाऱ्यांना कळवावे.