‘ऑइल टाकू का?’

वीकएण्ड म्हणजे मॉल, मल्टिप्लेक्स आणि रात्री उशिरापर्यंत कट्टा, असं तुमचं समीकरण असेल तर जरा थांबा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली झोपलेली एखादी जुनी टू-स्ट्रोक बाइक कदाचित तुमचीच वाट बघत असेल!

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी प्रेझेंटेशन देत होतो आणि पब्लिकचं लक्ष स्क्रीनऐवजी माझ्या नखांकडे होतं. काळीकुट्ट नखं! टीम लीडने हळूच विचारलं, ‘सगळं ठीक ना?’ आता त्याला काय सांगणार? की बॉस, शनिवार-रविवार मी कार्बोरेटर धुतोय!

प्रकरण आहे येझदी रोडकिंगचं. बाबांनी १९८६ मध्ये घेतलेली. २५० सीसीचं इंजिन, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. पहिल्यांदा बघणारा माणूस दोन मिनिटं किक शोधत बसतो. ती मजा आम्ही पाहुण्यांबरोबर खूप केलीय.

ही गाडी २०१२ पासून बंद होती, आणि बंद पाडली मी. कॉलेजात होतो. बाबांकडून हट्टाने चावी घेतली आणि मित्राला मागे बसवून सिंहगडला निघालो. पंपावरच्या पोऱ्याने विचारलं, ‘ऑइल टाकू का?’ मी स्टाइलमध्ये म्हणालो, ‘नको, फक्त पेट्रोल.’ म्हटलं, उगाच पैसे उकळतोय. घाट अर्धा चढलो असू, गाडीने कण्हल्यासारखा आवाज केला आणि मागचं चाक जाम! क्लच दाबायचं सुचलं म्हणून आम्ही दोघं रस्त्यावर आलो नाही. टेम्पोतून गाडी घरी आली. बाबांनी इंजिनाला हात लावून बघितला, काही बोलले नाहीत. त्यांनी वर कव्हर टाकलं, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. बारा वर्षं!

मग सोसायटीची नोटीस आली. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, पार्किंगमधल्या बंद गाड्या हलवा. सेक्रेटरींनी प्रेमाने भंगारवाल्याचा नंबरही दिला. बाबा म्हणाले, ‘देऊन टाक.’ इतक्या सहज म्हणाले की मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी पान्यांचा सेट घेऊन आलो.

टू-स्ट्रोकचा फंडा

आधी थोडं शिकून घ्या, नाहीतर माझ्यासारखं व्हायचं. आपल्या नेहमीच्या फोर-स्ट्रोक बाइकमध्ये इंजिन ऑइल खाली वेगळं भरलेलं असतं आणि ते आतल्या आत फिरत राहतं. येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये गिअरबॉक्सला वेगळं ऑइल असतं, पण पिस्टनला मिळतं ते फक्त पेट्रोलमधून आलेलं. टाकीत लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घातलं, म्हणजे १:२५ झालं. ते नसेल तर पिस्टन सिलिंडरवर कोरडा घासतो, तापतो, फुगतो आणि अडकतो. यालाच मिस्त्री लोक ‘इंजिन सीझ झालं’ म्हणतात. थोडक्यात, मी दहा-वीस रुपये वाचवून इंजिन घालवलं होतं.

या गाड्यांचा इतिहासही सॉलिड आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’त १९६१ पासून बाइक बनायला लागल्या. ‘जावा’ हे नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून आलं. सत्तरच्या दशकात इथल्या गाड्या ‘येझदी’ झाल्या, इराणच्या यझ्द शहरावरून. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी शोरूममध्ये परत आल्या खऱ्या, पण त्या फोर-स्ट्रोक. तो जुना ‘पट-पट-पट’ हवा असेल तर जुनंच लोखंड शोधावं लागतं.

नाना पेठ, जुना बाजार आणि मी

पहिलं काम म्हणजे अडकलेला पिस्टन सोडवणं. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. पुढच्या शनिवारी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढेमागे हलवत बसलो. तासाभराने ‘टक्’ झालं आणि चाक फिरलं. पार्किंगमध्ये एकटाच नाचलो, वॉचमन बघत होता!

मग नाना पेठेच्या वाऱ्या सुरू झाल्या. पुण्यात गाडीचा पार्ट हवा असेल तर नाना पेठ, आणि तिथेही नाही मिळाला तर बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बोअर हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘बेटा, बिना ऑइलची चालवलीस ना?’ मान खाली घालून हो म्हणालो. त्यांनी लेथवाल्याकडून बोअर करून एक साइज मोठा पिस्टन बसवायला सांगितलं. हे पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे मिळतात. आणखी एक सल्ला त्यांनी दिला, तो लिहून ठेवा: क्रँकचे ऑइल सील बदलल्याशिवाय इंजिन बंद करू नकोस. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं. सील फाटकं असेल तर जास्तीची हवा आत शिरते, इंजिन तापतं आणि नवा पिस्टनही जुन्याच्या वाटेने जातो.

बाकीची कामं पेशन्सची. टाकीतला गंज काढायला व्हिनेगर आणि मूठभर नट-बोल्ट टाकून टाकी घुसळली. कार्बोरेटरचे जेट फुंकून साफ केले. सायलेन्सरमधली काजळी खरवडून काढली. दर आठवड्याला एक काम. लॅपटॉपवर सगळं ‘अनडू’ करता येतं, पण इथे स्टड तुटला की तुटला!

बाबा खाली आले

दोन महिने बाबा गॅलरीतून नुसते बघायचे. एका रविवारी चहाचा कप घेऊन खाली आले. जुना पिस्टन वर्तमानपत्रावर ठेवला होता. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते. तो उचलून ते बराच वेळ बघत राहिले.

‘बाबा, त्या दिवशी मी ऑइल घातलं नव्हतं,’ मी म्हणालो. बारा वर्षं तोंडात अडकलेलं वाक्य एकदाचं सुटलं.

‘माहितेय मला. चावी दिली आणि ऑइलचं सांगायचं राहिलं. घाटात तुम्ही दोघं पडला असतात तर? गाडी बघितली की तेच डोळ्यांपुढे यायचं. म्हणून कव्हर टाकलं.’

मला बारा वर्षं वाटत होतं, ते माझ्यावर रागावलेत!

मग त्यांनी बाही वर केली. कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप मला काही केल्या जमत नव्हता. त्यांनी फिलर गेज मागितला, ०.४ मिलिमीटरची पाती सरकवली, स्क्रू आवळला आणि म्हणाले, ‘बघ आता.’ त्यानंतर प्रत्येक रविवारी खाली दोन कप चहा यायला लागला.

करून बघायचंय?

* आधी कागद बघा, मग पाना उचला. आरसीच नसेल तर गाडी रस्त्यावर आणणं डोकेदुखी. पंधरा वर्षांनंतर आरटीओत नोंदणी नूतनीकरण करावं लागतं, ते पाच वर्षांसाठी असतं.
* गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मात्र ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही.
* खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि त्यावर नाव लिहा.
* जितकं बजेट ठरवाल, त्याच्या दुप्पट धरून चाला.
* टू-स्ट्रोक धूर करते, कारण थोडं न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल थेट सायलेन्सरमधून बाहेर जातं. त्यामुळे ही रोजची गाडी नव्हे. रविवारी सकाळी एक फेरी बास. पीयूसी काढा आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका.
* जुलैचा दुसरा रविवार राखून ठेवा. त्या दिवशी अनेक शहरांत जावा-येझदीवाले एकत्र जमतात.

आणि हो, गाडी सुरू झाली! बाराव्या किकला. आधी पांढरा धूर, मग तोच आवाज. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी धाडकन बंद केली. कागद हातात आल्यावर पहिली फेरी बाबांनी मारावी असं मी म्हटलं, पण ते मागे बसले. पंपावर थांबलो. हल्लीच्या पोऱ्याला ऑइलचं विचारायची सवय नाही, तो नुसतं पेट्रोल भरायला लागला. मागून आवाज आला, ‘ऑइल?’

मी बॅगेतून टू-टीचा डबा काढला. ‘लिटरला पन्नास मिली बाबा. पिस्टन नवा आहे ना, सुरुवातीला थोडं जास्त.’

‘हं,’ ते म्हणाले. ‘आणि घाटात दामटवू नकोस.’