नवे आइसलंड

उत्तर अटलांटिक महासागरात आइसलंड नावाचे बेट आहे. ज्वालामुखी आणि हिमनद्या यांनी व्यापलेल्या या भूमीत पिकाऊ जमीन फार थोडी. म्हणून मेंढ्या पाळणे व मासे पकडणे हीच तेथील लोकांची उपजीविका असे. 1875 च्या मार्च महिन्यात आस्क्या या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पूर्वेकडील कुरणे राखेखाली गाडली गेली. थंडीने व दारिद्र्याने गांजलेली कुटुंबे देशांतरास आधीच निघू लागली होती. आता त्यांची संख्या वाढली. 1870 ते 1914 या काळात, सुमारे 70,000 वस्तीच्या या देशातून 15,000 च्या आसपास माणसे परदेशी गेली.

कॅनडात आधी पोहोचलेल्यांपैकी एक तुकडी 21 ऑक्टोबर 1875 रोजी विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावर उतरली. या वसाहतीला त्यांनी ‘नवे आइसलंड’ असे नाव दिले आणि पहिल्या गावाला ‘गिमली’. जगाच्या प्रलयानंतर सज्जन जेथे सुखाने राहतील, ते त्यांच्या पुराणकथांतील स्थान म्हणजे गिमली होय.

परंतु सुख दूरच होते. हिवाळा तोंडावर आलेला. समुद्रावरील या कोळ्यांना गोठलेल्या सरोवरातील मासेमारी अपरिचित होती. 1876 मध्ये हजाराहून अधिक लोक येऊन मिळाले आणि पाठोपाठ देवीची साथ आली. वसाहतीतील सुमारे 100 जण दगावले. त्या काठावर पूर्वीपासून राहणाऱ्या आदिवासींचीही मोठी हानी झाली. त्यांपैकीच जॉन रॅम्झी हा एक. त्याची भूमी नवागतांकडे गेली, पत्नी साथीत गेली. तरीही त्याने या परक्यांना अन्न पुरवले आणि वाट दाखवली. पत्नीच्या थडग्यावर त्याने बसविलेली संगमरवरी शिळा प्रसिद्ध आहे.

अशा हलाखीतही या लोकांनी आपली भाषा सोडली नाही. मायदेशाहून त्यांनी ग्रंथ बरोबर आणले होते. साथीमुळे घातलेली नाकेबंदी 1877 च्या उन्हाळ्यात उठली आणि त्याच वर्षी ‘फ्रामफारी’ हे आइसलंडी भाषेतील वृत्तपत्र तेथे छापले जाऊ लागले.

1881 मध्ये ही वसाहत मॅनिटोबा प्रांतात सामील झाली. तिच्यातील मुले कॅनडाचे नागरिक झाली; इंग्रजी शिकली. तथापि पूर्वजांचा उत्सव गिमलीत आजही दर ऑगस्टमध्ये साजरा होतो. भूमी सुटली, तरी जपलेली स्मृती सुटत नाही.