‘सर्व्हर स्लो आहे!’ म्हणजे नेमकं काय, बॉस?

‘सर्व्हर स्लो आहे, उद्या या.’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणं मुश्कील! गेल्या जूनमध्ये माझ्या काकांनी ते सलग तीन दिवस ऐकलं. काका साखऱ्याचे, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. पीककर्जासाठी सातबारा हवा होता. पेरणी तोंडावर, आणि हे रोज कामधंदा सोडून सेवा केंद्रावर रांगेत! तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘तुमच्या पुण्यातल्या पोरायला इचार, ह्या सर्व्हरला काय व्हायलंय म्हणून.’

प्रश्न तर हक्काचा होता. हिंजवडीत डेटाबेस सांभाळणाऱ्या एका मित्राला गाठलं. तो म्हणाला, ‘बाहेरून सांगता येत नाही. नेट, सॉफ्टवेअर, डिस्क, काहीही अडलेलं असू शकतं. पण माझा सर्व्हर असेल तर मी डिस्कची नाडी बघतोच.’

वाचा आणि लिहा

फंडा सोपा आहे. उतारा बघितला की डेटाबेस वाचतो, म्हणजे रीड. फेरफार नोंदवला की लिहितो, म्हणजे राइट. हवी ती माहिती मेमरीत सापडली तर काम झटपट. नाही सापडली तर डिस्ककडे धाव! लिहिताना तर सुटकाच नाही. ‘सेव्ह झालं’ म्हणण्याआधी डेटाबेस सहसा त्या बदलाची नोंद डिस्कवरच्या लॉगमध्ये करतो. ती नोंद रखडली की समोरचा माणूसही रखडला.

आता जरा हिशोब. मिनिटाला ७,२०० फेरे मारणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धा फेरा, वर हेड सरकायचा वेळ. म्हणजे इकडची-तिकडची माहिती शोधायची तर सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास वाचनं! एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तिथे हाच आकडा हजारोंत जातो.

सरासरीला भुलू नका

मोजायच्या गोष्टी तीन: सेकंदाला किती रीड-राइट, किती एमबी डेटा, आणि प्रत्येक कामाला किती मिलिसेकंद थांबावं लागलं. युजरला जाणवते ती ही तिसरी! लिनक्सवर ‘आयओस्टॅट’ आणि विंडोजवर ‘परफॉर्मन्स मॉनिटर’ हे आकडे फुकटात देतात.

पण इथेच नवखे फसतात. आयओस्टॅटचा पहिला रिपोर्ट असतो मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी. त्यात रात्रीची सगळी शांतताही आली! आकडे छान दिसतात आणि सकाळी ११ची रांग त्यात गायब होते. म्हणून दर पाच-दहा सेकंदांनी, गर्दीच्या वेळी मोजायचं. रीड वेगळे, राइट वेगळे.

पुढचा प्रश्न, हे करतंय कोण? पोस्टग्रेएसक्यूएलच्या २०२३ मध्ये आलेल्या १६व्या आवृत्तीत तर कोणत्या प्रकारच्या कामाने किती वाचलं-लिहिलं, हे थेट दाखवणारा तक्ताच आहे. अनेकदा चोर घरातच सापडतो. इंडेक्स नसल्यामुळे एका नोंदीसाठी अख्खं टेबल वाचलं जातं, किंवा रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत लांबलेला असतो. अशा वेळी महागडी नवी मशीन घेऊन काय फायदा?

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे हिरीवानीच की! पाणी कमी आलं म्हणून दुसरी हीर खोदायच्या आधी मोटार बघाव लागते.’

डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, हेही त्यांना सांगितलं. चौथ्या दिवशी भल्या सकाळी, रांग लागायच्या आत, त्यांचं काम झालं. पण पेरणीच्या घाईतले तीन दिवस गेले ते गेलेच.

तेव्हा उद्या ऑफिसात कुणी ‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणालं, तर मान डोलावू नका. विचारा: रीड की राइट? किती वाजता? आणि मोजलं कुणी?