दीड लाख किलोमीटर पळालेली डिझेल गाडी पहिली म्हणून घ्यावी का? पैसे देण्याआधी हे बघा

सोलापूर : सोयाबीनचे पैसे हातात आले, कारखान्याच्या पहिल्या बिलाची वाट आहे आणि घरात विषय निघतो, यंदा गाडी घ्यायचीच. नवी परवडत नाही. मग मोबाईलवर फोटो फिरायला लागतात. २०१३ ची डिझायर, डिझेल, फर्स्ट ओनर, रनिंग १ लाख ६० हजार, टायर नवे, अडीच लाख, बैठकीत कमी-जास्त होईल. माढा, करमाळा, बार्शीकडच्या कित्येक घरांची पहिली चारचाकी अशीच येते. त्यातल्या काही गाड्या पुढची पाच-सात वर्षं बिनतक्रार चालतात. काही पहिल्याच पावसाळ्यात गॅरेजला जाऊन बसतात.

मुळात डिझेलच का? याचं उत्तर बहुतेकांकडे तयार असतं : 'अ‍ॅव्हरेज देते, डिझेल स्वस्त पडतं.' हे गणित जुन्या काळातलं आहे. २०१२ च्या आसपास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारने नियंत्रणमुक्त केले आणि हे अंतर कमी होत गेलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या विकणंच थांबवलं. त्यामुळे आज बाजारात दिसणारी प्रत्येक डिझेल स्विफ्ट, डिझायर किंवा अर्टिगा त्याआधीची आहे.

आता आजचा हिशेब. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरा. पेट्रोल गाडी लिटरला १६ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर देते असं धरा. किलोमीटरमागे पेट्रोलला साधारण साडेसहा रुपये आणि डिझेलला ४ रुपये ६० पैसे खर्च येतो. म्हणजे वाचतात जेमतेम दोन रुपये. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला ४७ हजार वाचतील, त्याला डिझेल परवडतं. पण गावातून तालुक्याला बाजाराला, आठवड्यातून एकदा दवाखान्याला आणि लग्नसराईत पाहुण्यांकडे एवढंच फिरणं असेल, तर महिन्याला चारशे किलोमीटर होतात. त्यात वर्षाची बचत साडेनऊ हजारांच्या आत येते. जुन्या डिझेलचे चार इंजेक्टर किंवा टर्बो एकदा काढावा लागला, तर अशी दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. कमी फिरणाऱ्या घराने सरळ पेट्रोल बघावी.

ज्यांचं फिरणं खरंच जास्त आहे, त्यांनी दीड लाखाच्या आकड्याला घाबरायचं कारण नाही. हायवेला एका लयीत पळालेले दोन लाख किलोमीटर इंजिनला सोसतात. शहराच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत काढलेले ऐंशी हजार जास्त वाईट. खरी भीती कमी आकड्याची असते. डिझेल गाडी घेणारा माणूस ती फिरवायलाच घेतो. मग बारा वर्षांची गाडी मीटरवर फक्त ६२ हजार दाखवत असेल, तर शंका घ्यावी. आजकालचं डिजिटल मीटर लॅपटॉप लावून मागे घेता येतं. आकडा पुसता येतो, झीज पुसता येत नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड, ड्रायव्हर सीटचा दबलेला कोपरा आणि गिअरची मूठ नीट बघा. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. 'टायर नवे' म्हणणाऱ्याचं तिथेच कळतं. शिवाय गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल, तर प्रत्येक वेळचं रीडिंग तिथल्या नोंदीत असतं. मालकाला सोबत घेऊन ती नोंद मागावी. मालक टाळाटाळ करत असेल तर व्यवहारही टाळावा.

गाडी बघायला सकाळी लवकर जावं आणि 'आम्ही येईपर्यंत सुरू करू नका' असं आदल्या दिवशीच सांगावं. गेल्यावर आधी बोनेटला हात लावून बघा. गरम असेल तर गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. डिझेल इंजिनचे दुखणे थंड असतानाच बाहेर येते. बराच वेळ स्टार्टर मारावा लागला तर हिटर प्लग, बॅटरी, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कशात तरी खोट आहे. सुरुवातीला थोडा धूर चालतो. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. रेस दिल्यावर काळा धूर भसाभस येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गात बिघाड असू शकतो. पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण जपून उघडा. तिथून धुराचे जोरदार झोत येत असतील, तर मेकॅनिक ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते हेच. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिनचं काम जवळ आलंय. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

इंजेक्टरसाठी रिटर्न टेस्ट असते. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना चार छोट्या बाटल्या लावतात आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. जी बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरते, तो इंजेक्टर गळतोय. डिझेलचं काम करणाऱ्या चांगल्या मेकॅनिककडे ही सोय असते. त्याला पाचशे-हजार रुपये द्यावे लागले तरी द्या, फक्त तो विकणाऱ्याच्या किंवा एजंटच्या ओळखीचा नसावा. कमिशन कोणाकडून कोणाला जातं हे तालुक्याच्या ठिकाणी सगळ्यांनाच माहीत असतं.

टायमिंगचंही विचारावं. डिझायर-स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनला टायमिंग चेन आहे. डस्टरच्या दीड लिटर इंजिनला बेल्ट आहे आणि तो ठरलेल्या वेळी बदलावाच लागतो. बदलल्याची पावती नसेल तर बदललाच नाही असं समजून किंमत करा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं.

बीएस-६ ची डिझेल घेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तिच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला चांगल्या वेगाने चालवावी लागते. गावातल्या गावात फिरवली की फिल्टर चोंदतो.

कागदांकडे पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांचं लक्ष सगळ्यात कमी असतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी आधी पिवळ्या पाटीची होती का, ई-चलन बाकी आहे का, हे नंबर टाकून ऑनलाइन तपासावं. जुन्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का तेही बघावं. दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांचा मोह अनेकांना पडतो. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यावर त्या इतर राज्यांत येऊ लागल्या. पण तिथली एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच उतरते. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल, तर तपासणी, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर हे सगळं नव्या मालकाच्या डोक्यावर येतं.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. नुसत्या सह्या घेऊन कागद डॅशबोर्डमध्ये ठेवणं दोघांनाही महागात पडतं. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे भरपाईची जबाबदारी जुन्या मालकाकडे जाते. घेणाऱ्याचंही नुकसान आहे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज दिला नाही, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो.

हातात अडीच लाख असतील तर गाडी दोन लाखांचीच बघावी. घेतल्या घेतल्या इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलायचं असतं. क्लच आणि सस्पेन्शन पहिल्या वर्षात निघण्याची शक्यता असते. घरातली सगळी शिल्लक गाडीत घालून वर उसनवारीने क्लच टाकणं, यातच पहिली गाडी नकोशी होते.

आणि किल्ली घेताना साध्या कागदावर ताबा पावती करून घ्या. त्यावर तारीख, घड्याळातली वेळ, मीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या असू द्या. सकाळी अकराला गाडी घेतली आणि नऊ वाजताचं चलन आठ दिवसांनी आलं, तर ते कोणी भरायचं यावर वाद उरत नाही.