दहांची प्रार्थना आणि पुढची पिढी : दिल्लीतील बेने इस्रायलींपुढचा प्रश्न

नवी दिल्ली : खान मार्केटनजीक हुमायून रोडवर ज्यूदा हयाम सिनेगॉग ही छोटी वास्तू उभी आहे. १९५६ मध्ये बांधलेल्या या प्रार्थनास्थळाशी निगडित स्थानिक ज्यू कुटुंबे आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत. त्यांत मूळच्या कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायलींचाही समावेश आहे. एवढ्या लहान समाजात मुलांपर्यंत धर्म पोहोचवायचा कसा, हा येथील खरा प्रश्न आहे.

दहांचा नियम काय सांगतो?

ज्यू धर्मात सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढांची उपस्थिती आवश्यक असते. या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. तेरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा तिच्यात मोजला जातो. सनातनी परंपरेत केवळ पुरुष धरले जातात. दिल्लीत दीर्घकाळ प्रार्थनेचे नेतृत्व करणारे वकील एझिकेल आयझॅक मळेकर यांनी मात्र स्त्रियांनाही या दहांत स्थान दिले. संख्याच अपुरी असेल, तर नियमाची व्याप्ती वाढवल्याशिवाय प्रार्थना चालू राहत नाही आणि प्रार्थना थांबली, तर मुलांनी ती ऐकायची कोठे, हे त्यामागील वास्तव आहे.

पूर्वी वारसा कसा टिकला?

समाजात सांगितल्या जाणाऱ्या कथेनुसार, पूर्वजांचे जहाज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. वाचलेल्यांजवळ धर्मग्रंथ नव्हते, धर्मगुरूही नव्हते. पुढे तेलाच्या घाण्यावर उपजीविका करणारी ही माणसे शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. सुंता, ‘शमा’ ही प्रार्थना आणि आहाराचे निर्बंध एवढ्यावर त्यांची ओळख टिकली. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यूने येथील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी खवले व पर असलेले मासेच निवडले, अशीही एक कथा आहे. ऐतिहासिक तपशील वादग्रस्त असले, तरी समाजाने स्वतःविषयी जपलेली ही आठवण स्वयंपाकघरालाच पहिली पाठशाळा मानते.

ग्रंथ नंतर आले. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग स्थापन केले. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचला जाणारा ‘हगादा’ मराठी अनुवादासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापला गेला. नव्याचा सण, दारफाळणीचा सण ही नावे, तसेच पोहे, नारळ व फळांचा ‘मलिदा’ यांमुळे धर्म मुलांच्या बोलीतच रुजला.

आज अडचण कोठे आहे?

१९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये ही संख्या पाच हजारांच्याही खाली आली. बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. राजधानीत वाढणाऱ्या मुलांच्या अवतीभवती हिंदी आणि इंग्रजी आहे. हिब्रू दूरची, तर आजीची मराठीही हळूहळू परकी होत जाते. म्हणजे धर्माची भाषा आणि तो समजावून सांगणारी भाषा, दोन्ही एकदमच निसटण्याचा धोका आहे.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या अधिसूचित सहा अल्पसंख्याक समाजांत मात्र त्यांचा समावेश नाही. असा दर्जा शिक्षणसंस्था आणि शिष्यवृत्तीसाठी उपयुक्त ठरतो. परंतु शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास दिवा लावून शब्बाथचे स्वागत करणे कोणतीही अधिसूचना शिकवू शकत नाही. कोकणात ग्रंथांविना जे टिकले, ते घरातील नेमाने टिकले. दिल्लीतही सिनेगॉगचे दार उघडे राहील की नाही, हे दार ओलांडण्यापूर्वी मूल घरी काय पाहते, यावर अवलंबून आहे.