अनपेक्षित गर्भधारणा : निर्णयाचा अधिकार आणि पतीची संमती

प्रस्तावना :
अपत्यप्राप्ती हा पती-पत्नी या उभयतांचा विषय मानला जातो. परंतु नियोजन नसताना राहिलेल्या गर्भाविषयी उभयतांचे मत भिन्न असल्यास अंतिम निर्णय कोणाचा, या प्रश्नाला भारतीय कायद्याने दिलेले उत्तर अनेक दांपत्यांना, आणि खेदाची बाब म्हणजे काही रुग्णालयांनाही, ठाऊक नसते.

कायदेशीर तरतूद :
महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ संमत झाला. त्याच्या कलम ३(४) नुसार गर्भपातासाठी केवळ त्या स्त्रीची संमती लागते. पतीचा तेथे उल्लेखच नाही. कुटुंबनियोजनाचे साधन निष्फळ ठरल्याने राहिलेला गर्भ हे गर्भपाताचे एक कारण मूळ कायद्याने विवाहितेपुरतेच मानले होते. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' हे शब्द आले. मात्र हा स्त्रीचा निरपवाद हक्क नव्हे. 'मूल नको' एवढे तिने म्हणणे कायद्यास पुरत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका आणि त्यापुढे, विशिष्ट वर्गातील स्त्रियांसाठी, चोवीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे अनुकूल मत आवश्यक असते. म्हणजे पतीला नाकारलेला नकाराधिकार काही प्रमाणात वैद्यकाकडे गेला आहे. या गोष्टीची चर्चा मात्र क्वचितच होते.

न्यायालयांची भूमिका :
पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयासमोर २०११ मध्ये आलेले प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. विभक्त राहणारे दांपत्य लोक अदालतीतील समेटानंतर एकत्र आले, पत्नीस गर्भ राहिला आणि तिने तो पतीच्या इच्छेविरुद्ध काढून टाकला. पतीने पत्नी व डॉक्टरांविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा केला. शरीरसंबंधास दिलेली संमती म्हणजे मूल जन्मास घालण्याची संमती नव्हे, असे मानून न्यायालयाने तो दावा टिकू दिला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पतीची याचिका फेटाळली.

याउलट, पत्नीस मूल हवे आणि पतीस नको, अशा स्थितीत तिच्या संमतीविना गर्भपात घडविणे हा गंभीर गुन्हा असून भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ८९ नुसार त्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मूल जन्मल्यावर पित्यास पोटगीची जबाबदारी टाळता येत नाही, मग ते अपत्य औरस असो वा अनौरस. पुरुषास निर्णयात स्थान नाही, पण खर्चात आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप वरकरणी सयुक्तिक वाटतो. परंतु गर्भाविषयीचा निर्णय स्त्रीच्या शरीराशी निगडित आहे, तर पोटगी हा जन्मलेल्या बालकाचा हक्क आहे. एकाची भरपाई दुसऱ्यातून होऊ शकत नाही.

खरी अडचण अन्यत्र आहे. समर घोष विरुद्ध जया घोष (२००७) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची जी उदाहरणे दिली, त्यांत वैद्यकीय कारणाविना अथवा पतीच्या संमतीविना किंवा त्याला न कळवता केलेल्या गर्भपाताचाही समावेश आहे. ही उदाहरणे दिशादर्शक आहेत आणि प्रत्येक प्रकरणात क्रूरता स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते, हे खरे. तरीही गर्भपाताच्या कायद्याने स्त्रीला एकटीने दिलेला अधिकार वापरल्याबद्दल घटस्फोटाच्या दाव्यात तिलाच उत्तर द्यावे लागण्याची शक्यता उरते. गर्भपाताच्या कायद्यात नसलेली पतीची संमती अशा रीतीने विवाह कायद्याच्या मागील दाराने आत येते.

रुग्णालयीन व्यवहार :
दुसरे मागील दार रुग्णालयाचे. २००३ च्या नियमांतील संमतीपत्राच्या 'सी' नमुन्यावर स्त्रीचीच स्वाक्षरी अपेक्षित आहे. ती अठरा वर्षांखालील किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची. तरीही पतीची सही मागितली जाते. परित्यक्ता, पती परगावी असलेली किंवा घरच्या छळास कंटाळलेली स्त्री ती आणणार कोठून? कायद्याबाहेरच्या अशा अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले. त्याच निकालाने वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहित स्त्रियांनाही लागू केली. तेव्हा सहीसाठी पत्नीस परत पाठविणाऱ्या रुग्णालयास कायद्याचा आधार उरलेला नाही.