टाकीएवढाच वाढतो म्हणे!

“मासा टाकीएवढाच वाढतो.” हे वाक्य मी गेल्या वीसेक वर्षांत दुकानदारांकडून ऐकलंय, नातेवाइकांकडून ऐकलंय आणि एकदा तर जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मास्तरांकडूनही. सांगणाऱ्याच्या आवाजात असा विश्वास असतो की ऐकणाऱ्याला आपलंच काही चुकतंय असं वाटावं.

मागच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा फोन आला. “अहो, आमचा ऑस्कर दोन दिवस खात नाहीये. जरा येऊन बघता का?” गेलो. टीव्हीशेजारी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी. आत निळा दिवा, प्लास्टिकची झाडं, उघडमीट करत बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा आणि या सगळ्या सामानात अडकलेला नऊ इंचांचा मासा. वळायचं झालं की तो अंगाचं धनुष्य करायचा, शेपटी काचेला घासायची, आणि अर्ध्यातच नाद सोडून तो पुन्हा होता तसाच उभा राहायचा. कपाळावर मोहरीएवढे तीन-चार खड्डे, पोट खपाटीला गेलेलं, पाठीचा कणा मध्येच खाली दबलेला. डोळे मात्र अंगाच्या मानाने मोठे.

“किती वर्षांचा?”

“अडीच. आणला तेव्हा एवढुसा होता,” त्यांनी अंगठ्याचं पेर दाखवलं. “दुकानदार म्हणाला होता, टाकीएवढाच वाढतो.”

“मग टाकीएवढाच वाढलाय की,” मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

ऑस्कर हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला मासा. घरी नीट ठेवला तर ३० ते ३५ सेंटिमीटर होतो, म्हणजे फुटाच्या पुढे. कुणाला शंका असेल तर ‘फिशबेस’ या माशांच्या जागतिक माहितीकोशात पाहावं, तिथे कमाल नोंद ४५.७ सेंटिमीटरची आणि १.६ किलोची आहे. पहिल्या वर्षात तो महिन्याला जवळपास इंचभर वाढतो आणि दहा-बारा वर्षं सहज जगतो. या माशाबद्दलचे गैरसमज तसे त्याच्या बारशापासूनचे आहेत. १८३१ साली लुई आगासिझ या मोठ्या शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्याला अटलांटिकमधला समजून थेट एका समुद्री माशाच्या गटात नेऊन बसवलं होतं. तेव्हा एकट्या दुकानदाराला किती बोलणार?

माशाला टाकी मोजता येत नाही. काच दिसली म्हणून ‘बास, आता थांबू या’ असं त्याचं शरीर ठरवत नाही. बहुतेक मासे जन्मभर वाढतात. लहानपणी झपाट्याने, पुढे हळूहळू. मग लहान टाकीत वाढ खुंटते ती कशाने? घाणीने. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. फिल्टरमध्ये वस्ती केलेले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन जहाल, तिसरं सौम्य, पण ते बहुतांशी टाकीतच साठत जातं. आपण पाणी बदलू तेव्हाच ते बाहेर पडणार. नदीत हे सगळं वाहून जातं. दोन फुटी टाकीत मासा रोज आपल्याच मोरीत पोहत असतो. भूक मंदावते, खाल्लेलं अंगी लागत नाही, रोगाशी झुंजण्यात ताकद जाते आणि वाढ थांबते. दहा वर्षं जगणारा मासा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मरतो आणि मालक सांगत सुटतो, “पाहा, नऊ इंचांच्या वर गेलाच नाही.” कसा जाईल? मेला ना तो.

इथे हमखास एक हात वर येतो. “मग शेततळ्यातला चिलापी पंजाएवढाच का राहतो?” प्रश्न चांगला आहे, कारण चिलापी म्हणजे टिलापिया, आणि तोही सिक्लिडच, आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ साली आला. काही महिन्यांचा झाला की तो वीण घालायला लागतो, मादी अंडी तोंडात धरून बसते आणि तेवढे दिवस जवळपास उपाशी राहते. पिल्लांवर पिल्लं होऊन तळं भरतं आणि प्रत्येकाच्या वाट्याचा घास लहान होतो. तेच मासे विरळ करून दुसरीकडे टाकले आणि पोटभर खायला घातलं, तर चांगले वाढतात. तो खुजेपणा उपासमारीचा आहे. तळ्याच्या लांबी-रुंदीशी त्याचा संबंध नाही.

आता मासे पाळणाऱ्या माझ्याच बंधूंना दोन शब्द. “अंग थांबतं पण आतले अवयव वाढत राहतात आणि शेवटी मासा आतून फुटतो,” असं सांगून नवख्यांना घाबरवायची आपल्यात पद्धत आहे. कृपा करून ती बंद करा. खुरटलेल्या माशाचे डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसतात, हे खरं. पण काळीज-मूत्रपिंड वाढून कुणी फुटत नाही. एक थाप खोडायला दुसरी कशाला लागते? वाकलेला कणा आणि लवकर आलेलं मरण पुरेसं भयंकर आहे.

हिशेब साधा आहे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. शेजाऱ्यांची टाकी दोन घनफुटांची, ५६ लिटरची. त्यातून खडी आणि तो खजिना वजा करा. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच टाकी घेतली तर साडेचारशे लिटर पाणी मावतं, तेवढीच घाण आठ पट पाण्यात विरते. शिवाय रुंदी दोन फूट, म्हणजे फूटभराचा मासा न वाकता वळतो. एका ऑस्करला एवढी टाकी म्हणजे चैन नव्हे. अर्थात साडेचारशे लिटर म्हणजे साडेचारशे किलो, काच आणि स्टँड वेगळे. सहा-सात धडधाकट माणसं एकाच जागी कायमची उभी करण्यासारखं आहे ते. तेव्हा आधी स्लॅबचा विचार करा, मग माशाचा. घरात एवढी जागा नसेल तर ऑस्कर आणू नका. आणि दोन इंचांचं, मिशा फेंदारलेलं गोजिरवाणं रेडटेल कॅटफिशचं पिल्लू तर अजिबातच नको. ते सव्वा मीटरच्या पुढेही जाऊ शकतं. त्याला टाकी लागत नाही, विहीर लागते.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो. ‘लाल पोटाचा पिरान्हा’ म्हणून विकला जातो तो बहुतेक वेळा पाकू असतो, मासळी बाजारात रूपचंद म्हणून मिळतो तोच. त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे सपाट, फळं आणि बिया फोडायला केलेले. काचेला चिकटणारा सकर मासा टाकला की टाकी आपोआप साफ राहते, हे मोलकरीण ठेवली की घरातला कचराच संपतो म्हणण्यासारखं. तो स्वतः फूटभर होतो आणि विष्ठेची लांबच लांब दोरी सोडत फिरतो. ऑस्करला जिवंत गोल्डफिश लागतात असं नाही. गोल्डफिशच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं आणि सोबत रोगही फुकट येतात. फ्लॉवरहॉर्न कुठल्याही नदीत सापडत नाही; मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचा संकर करून १९९०च्या दशकात मलेशियात तो घडवला गेला. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुणं म्हणजे स्वच्छता नव्हे. क्लोरीनने आपलेच जिवाणू मरतात, म्हणून तो टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. सिक्लिड म्हणजे परदेशी मासे, हेही खरं नाही. गोव्यातली काळुंदर, म्हणजे केरळची करीमीन, आपली घरचीच सिक्लिड आहे.

शुभ म्हणून पाळल्या जाणाऱ्या अरोवाना माशाबद्दल मात्र एक वाक्य पुरत नाही. तो मेला की घरावर येणारं संकट त्याने अंगावर घेतलं म्हणतात आणि हळहळत लगेच दुसरा आणतात. संकट बहुधा अमोनियाचं असतं, नाहीतर उघड्या झाकणाचं. रानात हा मासा पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचे किडे पकडतो. तुमच्या हॉलमध्ये तो रात्री दोन वाजता फरशीवर पडतो.

शेजाऱ्यांना हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “मग मुठा नदीत सोडून येऊ? तेवढंच पुण्य.” मी पुन्हा बसलो. पनामात १९६७ च्या सुमारास तळ्यात पाळलेले पीकॉक बास, हेही अमेरिकन सिक्लिडच, निसटले आणि काही वर्षांत गाटून तलावात पसरले. झारेट आणि पेन या शास्त्रज्ञांनी १९७३ साली ‘सायन्स’मध्ये त्याचा परिणाम मांडला: तिथले एकेकाळी मुबलक असलेले बहुतेक मासे गायब आणि त्यांच्यावर जगणारे पक्षीही रोडावलेले. आपल्याकडे केरळात २०१८ च्या महापुरात पाळलेले अरापैमा वाहून गेले आणि नद्यांमध्ये कोळ्यांच्या जाळ्यांत येऊ लागले. पुण्य नक्की कुणाच्या खात्यावर जमा होतं, हे मी त्यांना विचारलं.

शेवटी माझ्या ओळखीतल्या एकाने तो ऑस्कर नेला. त्याच्याकडे पाच फुटी टाकी होती, दर रविवारी निम्मं पाणी बदलायची सवय होती. कपाळावरचे खड्डे दोन-तीन महिन्यांत बुजले. वर्षभरात मासा नऊचा अकरा इंच झाला. कणा वाकडाच राहिला. फोटो दाखवायला मी मुद्दाम खाली गेलो. शेजाऱ्यांनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि चेहरा उजळून म्हणाले, “बघा! मोठी टाकी मिळाली आणि वाढला. म्हणजे दुकानदाराचं बरोबरच होतं की!”